डोळ्यावरचा चुना आणि ग्रीमुरची ठिपकी

त्या दिवशी ऊन पडलं नसतं, तर अजून एखादं वर्ष कुणाला काही कळलंही नसतं.

सप्टेंबरात डोंगरावरून मेंढ्या खाली उतरवायच्या, तो दिवस आमच्या खोऱ्यात बहुधा ढगाळच असतो. पाऊस नाही तर धुकं, धुकं नाही तर दोन्ही. पण त्या वर्षी आभाळ असं लख्ख होतं, की मेंढ्यासुद्धा डोळे बारीक करून चालत होत्या. उन्हाळाभर मोकाट चरलेला साऱ्या खोऱ्याचा कळप एका मोठ्या गोल रिंगणात कोंडला होता. रिंगणाभोवती पाकळ्यांसारखी वाडगी, प्रत्येक शेताचं एक. गर्दीत शिरायचं, आपली मेंढी हेरायची, शिंगं धरायची, तिला दोन्ही पायांच्या मधे घ्यायची आणि ढकलत ढकलत आपल्या वाडग्यात नेऊन सोडायची. कुणाची कोण ते कानावरच्या कातरखुणेवरून कळतं. पण कान बघतात ते माझ्यासारखे. माझी बहीण थोरकात्ला तोंड बघते.

"कान बघून काय ओळखायचं?" ती म्हणते. "उद्या तुला कुणी भेटलं तर तू काय त्याचा कान चाचपशील?"

मी कोल्बेन, तिचा धाकटा भाऊ. ट्रॅक्टर माझा, चूल माझी, मेंढ्या तिच्या. आम्ही दोघंही लग्नाचे राहिलो ते राहिलोच. तिला विचारलं तर म्हणते, वेळ मिळाला नाही. मला विचारलं तर मी म्हणतो, कुणी विचारलं नाही. आईवडील गेल्यावर स्कार्दच्या, आमच्या शेतावरच्या, त्या घरात आम्ही दोघं आणि गोठ्यात तिच्या लेकी, असा संसार.

तर त्या लख्ख दिवशी थोरकात्ला टोपी भुवयांपर्यंत ओढून रिंगणात उतरली. मी वाडग्याच्या फाटकाशी. तिनं एक काळीपांढरी ठिपक्यांची मेंढी शिंगाला धरली, माणसांतून वाट काढत आणली, आत सोडली, हात झटकले. "फ्लेक्का किती भरली बघ," म्हणाली. मेंढी आत जाऊन उभी राहिली आणि मागं वळून आमच्याकडे असं बघायला लागली, जसं चुकून दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात शिरलेलं माणूस बघतं.

कुंपणापलीकडे ग्रीमुर उभा होता. नदीच्या पलीकडच्या काठावरचा, आमचा शेजारी. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, आवाज अजून मेंढ्यासारखा दणदणीत. तो वाकला, मेंढीचा कान बोटांत धरून पाहिला, मग थोरकात्लाकडे पाहिलं. मी तोपर्यंत ओळखलं होतं. आमच्या फ्लेक्काचा ठिपका डाव्या डोळ्यावर, हिचा उजव्या.

दुसऱ्याची मेंढी आपल्या वाडग्यात घालणं हा काही लहानसहान घोटाळा नाही. जुन्या काळी त्यावरून घरं तुटायची. आजूबाजूचे चार जण गप्प झाले. ग्रीमुरनं ते गप्प होणं पाहिलं, आणि ते मोडायला जे आमच्याकडे करतात तेच त्यानं केलं. छाती भरून घेतली आणि पद्य टाकलं:

*माझी ठिपकी गेली गं, तुझ्या वाडग्यात राहू,*
*मेंढीमागं धनीही, येऊ का गं पाहू?*
*रस्सा ठेव चुलीवर, गाजर घाल त्यात,*
*एकीला तू नेलंस ना, दुसऱ्याचा धर हात!*

लोक खदखदून हसले. कुणी बाटली पुढं केली, कुणी टाळ्या वाजवल्या. आता सगळ्यांनी थोरकात्लाकडे पाहिलं. कारण टाकलेलं पद्य खाली पडू द्यायचं नसतं, ते झेलून परत फेकायचं असतं, आणि या खोऱ्यात तिच्याइतकं अचूक फेकणारं कुणी नाही. ग्रीमुर आणि ती शाळेच्या बाकावरून एकमेकांना ओळींनी मारत आलेली माणसं.

ती काहीच बोलली नाही. टोपी आणखी खाली ओढली आणि म्हणाली, "कोल्बेन, ती मेंढी त्याच्याकडे सोड. बाकीच्या तू बघ. कान बघ."

आणि जाऊन गाडीत बसली.

घरी आल्यावर मी कॉफी केली, राय धान्याच्या काळ्या पावावर लोणी लावून पुढं ठेवलं. तिनं पाव उचलला नाही.

"मला माझी मेंढी ओळखू येत नाही," ती म्हणाली. "कळप ठेवायचा मला हक्क नाही."

"अगं, एक चूक झाली. उन्हामुळं."

"ऊन सगळ्यांवर होतं. बाकी कुणी चुकलं?" मग कपाकडे बघत: "एक वर्ष देते. पुढच्या सप्टेंबरात रिंगणात उतरीन. तेव्हाही असंच झालं तर सगळ्या ग्रीमुरला देऊन टाकायच्या. तो मारत नाही मेंढ्यांना."

तिच्या आवाजात रडू नव्हतं. रडू असतं तर मी काही बोललो तरी असतो.

खरं तर खुणा होत्या. सुईत दोरा ओवायला ती माझ्याकडे देत होती. समोरून गाडी आली की तोंड फिरवत होती. डोळे सारखे चोळायची आणि म्हणायची, गवताची कुसळं जातात. आणि जवळून, बाजूनं उजेड आला की मला तिच्या डोळ्यांत एक फिकी, राखाडी रेघ दिसायची, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. मला वाटायचं, उमर झाली. आईच्या डोळ्यांतही शेवटी काहीतरी होतं. म्हाताऱ्या डोळ्यांत काही ना काही असतंच.

ऑक्टोबरात मी तिला आकुरेरीला, शहरात नेलं. कसं नेलं ते विचारू नका. ट्रॅक्टरचा सुटा भाग आणायचाय असं सांगून नेलं आणि गाडी डोळ्यांच्या दवाखान्यापुढं उभी केली. तिनं पाटीकडे पाहिलं.

"हे ट्रॅक्टरचं दुकान दिसत नाही."

"पाटी वाचता आली तुला?"

"गप बस," म्हणाली, आणि उतरली.

डॉक्टरचं नाव सोलरून. तरुण, उंच, हातांवर लहानपणच्या गोठ्याच्या खुणा असलेली. तिनं थोरकात्लाची हनुवटी यंत्रावर टेकवली आणि बारीक उजेडाची पात डोळ्यावरून फिरवली. मग विचारलं:

"किती दिवस खुपतंय?"

"खुपत नाही. कुसळं जातात. वर्ष-दोन वर्षं झाली."

"चार," मी म्हणालो.

"तुला कुणी विचारलं?"

सोलरून हसली नाही, पण तिचा खांदा हसला. "थोरकात्ला, तुझ्या डोळ्यांवर चुना बसलाय."

"चुना? भिंतीचा?"

"तसाच म्हण. हाडांत असतं ते कॅल्शियम. डोळ्याच्या पुढच्या काचेत, अगदी वरच्या थरात साचलंय. हे बघ."

तिनं पडद्यावर डोळ्याचं मोठं चित्र लावलं. निळा डोळा, आणि त्याच्या बरोबर मधून, पापण्या उघड्या राहतात तिथून, पांढुरका पट्टा आडवा गेलेला. पट्ट्यात बारीक बारीक भोकं, वाळवी लागल्यासारखी. वर आणि खाली मात्र स्वच्छ काच. आमच्या गरम झऱ्याच्या नळाला पांढरं कीट चढतं तसं काहीतरी. मला मात्र सकाळचा डोंगर आठवला: पायथा दिसतो, शिखर दिसतं, आणि कमरेला धुक्याचा पट्टा.

"म्हणजे तिला वरचं आणि खालचं दिसतं, मधलं दिसत नाही?" मी विचारलं.

"तसं नाही," थोरकात्लाच म्हणाली. "सगळंच दिसतं. सगळंच दुधात बुडवून काढल्यासारखं."

"बरोबर," सोलरून म्हणाली. "आणि ऊन पडलं की वाईट. उजेड त्या चुन्यावर आपटतो आणि विखुरतो, डोळ्यात नुसता पांढरा भडका. ढगाळ दिवशी बाहुली मोठी होते, पट्ट्याच्या वरून-खालून थोडं नीट आत जातं. तरुणपणी डोळे लाल व्हायचे?"

"सारखे. आई दुधाच्या घड्या ठेवायची."

"आत सूज यायची ती. गेली, पण जाताना हे ठेवून गेली. फार कमी जणांना होतं. रक्तातलं कॅल्शियमही तपासू, पण मला वाटतं हे जुन्या सुजेचंच." तपासलं, आणि रक्त ठीक निघालं.

मग उपाय सांगितला. डोळा बधिर करायचा, वरचं पातळ कातडं बाजूला सारायचं, औषधात भिजवलेला कापूस चुन्यावर ठेवायचा, मग चुना हलक्या हातानं पुसून, खरवडून काढायचा.

"खरवडून?" थोरकात्ला म्हणाली. "लोकर कातरल्यासारखा?"

"लोकर कातरण्यापेक्षा हलका. तुला लाथा मारता येणार नाहीत एवढंच."

"आणि मग मेंढीचं तोंड दिसेल?"

सोलरूननं लगेच हो म्हटलं नाही, म्हणून मला ती आवडली. "चुना निघेल. भडका जाईल. त्याच्यामागं जुन्या सुजेचा काही डाग असेल तर तो मला आत्ता दिसत नाही, चुन्यामुळंच दिसत नाही. काही वर्षांनी चुना परतही येऊ शकतो. पण आता आहे त्यापेक्षा बरं होईल, असं मला वाटतं."

परतताना गाडीत ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. समुद्र बाजूनं चालत होता, खिंड आली, खिंड गेली.

"कोल्बेन."

"हं."

"आत्ता मला मेंढी दिसते. कुणाची ते दिसत नाही. खरवडल्यावर मेंढीच दिसली नाही तर?"

उभ्या आयुष्यात मी तिला भ्यालेलं पाहिलं नव्हतं. हिमवादळात कमरेएवढ्या बर्फातून कळप आणलेली बाई.

"तर मी सांगीन ना कोण कुठली."

"तू?" ती म्हणाली. "शिंगं नसतील तर तुला घोडा आणि मेंढी एकच." आणि हसली. हसता हसता डोळे पुसले, आणि पुसताना खुपलं म्हणून शिवी घातली. पुढच्या वळणावर म्हणाली, "फोन कर त्या डॉक्टरला."

उजवा डोळा आधी. काम झटक्यात झालं, दुखणं मागून आलं. डोळ्यावर पट्टीसारखं पातळ भिंग बसवलेलं, कातडं पुन्हा धरेपर्यंत ते काढायचं नव्हतं. पडदे ओढून ती आईच्या पलंगावर पडून राहिली आणि निखारा ठेवल्यासारखं जळतं म्हणाली. मी थेंब घालायचो, रस्सा भरवायचो, आणि तिचं मन रमावं म्हणून अर्धी पद्यं टाकायचो. पहिल्या दोन ओळी एकानं म्हणायच्या, उरलेल्या दुसऱ्यानं जोडायच्या, हा आमच्या घरातला हिवाळ्याचा खेळ. बाप गोठ्यातून ओरडून अर्धं टाकायचा, आई चुलीपाशी पुरं करायची.

"*खिडकीबाहेर बर्फ पडे, आत कॉफी गरम...*" मी म्हणालो.

"पडे? कोण बोलतं रे 'पडे'? आणि बर्फ नाही, पाऊस आहे. मला ऐकू येतंय."

"बरं, पाऊस. जोड ना पुढं."

ती उशीत तोंड घालून म्हणाली, "मी न बघितलेलं म्हणत नाही, कोल्बेन. ग्रीमुरचा गंजका दरवाजा म्हटला, तो गंजलेला पाहिला होता. मेंढीच्या पापणीवरचं दव म्हटलं, ते पाहिलं होतं. ओळ डोळ्यातून आत जाते, मग तोंडातून बाहेर येते. वाटच बुजली तर कुठून येणार?"

तेव्हा मला कळलं की ग्रीमुरला उत्तर का मिळालं नव्हतं. रागामुळं नव्हे.

भिंग निघालं त्या सकाळी ती स्वयंपाकघरात आली, खिडकीपुढं उभी राहिली, एकदा हा डोळा झाकला, एकदा तो. तिनं टेबलावरचा कप उचलला, आत पाहिलं.

"हे काय आहे?"

"कप."

"कपात काय आहे? हे तपकिरी वर्तुळ? आणि याच्या खाली हे दुसरं? कोल्बेन, चार वर्षं मी यातून पितेय?"

त्या दिवशी तिनं कपाटातला झाडून सगळा कपबशांचा संसार घासला. मला शिव्या देत देत, गुणगुणत. मी गोठ्यात जाऊन मेंढ्यांना गवत टाकलं आणि त्यांना सांगितलं. मेंढ्यांना असल्या गोष्टी सांगितलेल्या चालतात.

पण डावा डोळा इतका सरळ निघाला नाही. फेब्रुवारीत त्याचाही चुना काढला, आणि मागं डाग निघालाच. सोलरूननं साफ सांगितलं: या डोळ्यात पातळ धुकं राहणार. भडका मात्र गेला. थोरकात्लानं ऐकून घेतलं, मान हलवली. वाटेत मला म्हणाली, "एक डोळा नीट, एक अर्धा. बापाच्या जुन्या जीपचे दिवेही असेच होते. कुठं अडलं त्याचं?"

हिवाळाभर ती गोठ्यात रमली. मोरा, सुर्तला, फ्लेक्का, एकेकीचं नाव घेऊन हाक मारायची. मी म्हणायचो, बघ, ओळखतेस ना! ती म्हणायची, "इथं मी डोळे बांधूनही ओळखीन. खोकल्यावरून, वासावरून, कोण कुणाला ढुशी मारते त्यावरून. याला ओळखणं म्हणत नाहीत. सप्टेंबरात बघू. आणि ऊन पडू दे."

मे महिन्यात कोकरं झाली. त्यांच्या कानांवर आमची खूण तिनंच कातरली, मी नुसता धरून. एकही कातर चुकली नाही. पण शब्द तोच: सप्टेंबरात बघू.

ग्रीमुर मधून मधून यायचा. कॉफी प्यायचा, तळलेला गोड क्लेना बुडवून खायचा, हवेबद्दल बोलायचा, आणि पद्याचं नाव काढायचा नाही. एकदा कुंपणाची तार ताणताना मला म्हणाला, "रागावलीय का रे ती?"

"नाही."

"मग उत्तर का नाही?"

"येईल. थांब."

"थांबण्यात मी मुरलेलो आहे," तो म्हणाला आणि खिळा ठोकला. "आणि एक सांगून ठेवतो, मला तुमचा कळप नको. तिच्या मेंढ्या पलीकडे दिसल्या नाहीत तर मी नावं कुणाला ठेवू? तिला सांग."

मी सांगितलं. ती म्हणाली, "त्याला हवा की नको हा प्रश्नच नाही."

आणि सप्टेंबर आला. आठवडाभर पाऊस लागून राहिला होता. आदल्या संध्याकाळी तो थांबला. सकाळी उठलो तर डोंगरावर एक ढग नाही. खोऱ्यातला एकेक दगड वेगळा मोजता येईल असं ऊन. थोरकात्ला दारात उभी राहून आभाळाकडे बघत होती.

"मिळालं तुला हवं ते," मी म्हणालो.

"टोपी दे," ती म्हणाली. मग म्हणाली, "राहू दे टोपी."

रिंगण गच्च भरलेलं. लोकरीच्या लाटा, मेंढ्यांचा आणि माणसांचा एकच कालवा. मी आमच्या फाटकाशी, गेल्या वर्षी होतो तिथंच. कुंपणाला टेकून ग्रीमुर. थोरकात्ला फाटक ओलांडून आत गेली आणि मधोमध थांबली. कुणी हसून तिला काही म्हणालं, तिनं लक्ष दिलं नाही. ऊन तिच्या तोंडावर होतं. तिनं डोळे मिटले नाहीत.

मग ती सरळ गर्दीत घुसली आणि एकीची शिंगं धरली. काळीपांढरी. ठिपक्यांची. ठिपका उजव्या डोळ्यावर.

ग्रीमुरनंही पाहिलं. बाकीच्यांनीही पाहिलं, कारण मागच्या वर्षीचं हसू अजून खोऱ्यात फिरत होतं. मी तोंड उघडलं, कान बघ असं ओरडणार होतो, आणि ओरडलो नाही. ती मेंढीला पायांत धरून ढकलत आमच्याकडे येत होती. जवळ आली. मी फाटकाचा अडसर धरून उभा, उघडू की नको.

"बाजूला हो," ती म्हणाली. "तुझ्याकडे नाही आले मी."

आणि आमच्या फाटकापुढून गेली. एका मेंढीच्या अंगावरून, कुणाच्या कुत्र्याला पायानं सारत, शेजारच्या फाटकाशी, ग्रीमुरच्या फाटकाशी गेली, गुडघ्यानं ते ढकललं, ठिपकीला आत लोटलं. मग सरळ झाली, दम घेतला, आणि त्याच्या तोंडाकडे नीट, सावकाश, दोन्ही डोळ्यांनी पाहिलं, अर्ध्या डोळ्यानंसुद्धा. तिचा आवाज रिंगणभर गेला:

*तुझी ठिपकी ओढली मी, डोळ्यांवर होता चुना,*
*चुना गेला, आता रे, पुन्हा नाही गुन्हा;*
*लख्ख उन्हात बघून सांगते, ऐक ग्रीमुर नीट:*
*मेंढी तुझी देखणी, धनी नुसता धीट!*

असा हशा उठला, की मेंढ्या एका बाजूला सरकल्या. ग्रीमुरनं तोंड उघडलं, मिटलं. टोपी काढली, पुन्हा घातली. बोलणाऱ्या माणसाला असं बघायला फार मजा येते. त्याचे कान लाल झाले होते, आणि ते मला फाटकापासून दिसत होते, तर तिला दिसले नसतील असं मी म्हणणार नाही.

पण ती तिथं थांबलीच नव्हती. परत गर्दीत शिरली होती, आणि उन्हाकडे तोंड करून मला हाका मारत होती.

"कोल्बेन, उभा काय राहिलास? ती कोपऱ्यातली सुर्तला आपली, घे तिला. पलीकडं ती मोरा, तिच्यामागं तिची दोन्ही कोकरं. आणि हे संपलं की आधी घरी जा, रस्सा चुलीवर ठेव. गाजरं जास्त घाल."